सायकल, लेकरू आणि ओझे : एक लहानसा इतिहास

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा मंडळाचा निरोप आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकविला खरा; परंतु पानिपतची कारणे आणि अष्टप्रधानांची नावे पुन्हा एकदा लिहून तुम्हां भगिनींना नवे ते काय देणार? इतक्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक प्रश्न निघाला आणि विषय आपण होऊन दारी चालत आला.

आपल्या एका सभासद भगिनीची लेक नागपुरास असते. मूल तीन वर्षांचे. सकाळी त्याला बालवाडीत पोहोचवायचे, येताना भाजी आणायची, आठवड्यातून एकदा गिरणीवरून दळण आणायचे, असा तिचा नित्यक्रम. स्कूटर जावईबापू कामावर घेऊन जातात, आणि रोज ऑटो करायचा तर महिनाअखेर पदरात काही राहत नाही. तेव्हा तिने सायकल घ्यायचे ठरविले आणि आईला फोनवर विचारले, "लेडीज घेऊ की जेन्ट्स घेऊ?" आईने तो प्रश्न वाणाबरोबर सगळ्यांपुढे ठेवला. मग काय विचारता! कोणी म्हणाले, बाईच्या जातीला लेडीजच बरी. कोणी म्हणाले, लेडीज सायकल कॉलेजच्या पोरींची, तिच्यावर दळण कसे राहील? कोणी म्हणाले, जेन्ट्सवर टांग टाकून बसायचे तर लोक काय म्हणतील? शेवटी साऱ्या माझ्याकडे वळल्या. "तुमीच सांगा जी बाई," असे म्हणून मोकळ्या झाल्या.

मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर विचार करू लागले, तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न दुकानाचा नसून इतिहासाचा आहे. लेडीज सायकल ही वस्तू मुळात कोणी, केव्हा आणि कशासाठी घडविली, हे कळले की उत्तर आपोआप निघते. तोच इतिहास येथे थोडक्यात सांगते.

सायकलीचा पहिला अवतार इ.स. १८१७ मधला. जर्मनीतील कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने दोन लाकडी चाके एकापुढे एक जोडली, वर बैठक ठेवली आणि पायांनी जमीन रेटीत तो निघाला. पायडल नव्हते, चेन नव्हती, ब्रेकचेही नावच होते. पुढे १८६० नंतर पॅरिसमध्ये पुढच्या चाकालाच पायडल लावलेली गाडी आली, आणि त्यानंतर ती उंच चाकाची सायकल, जिचे पुढचे चाक पुरुषाच्या छातीइतके उंच असे आणि मागचे अगदी बचकेएवढे. तिच्यावरून पडणे म्हणजे डोक्यावर पडणे. तरुण, धडधाकट पुरुषांचा तो खेळ होता. संसाराचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. लेकरू बसवायला तीवर जागाच नव्हती.

१८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची सायकल बाहेर काढली. चाके जवळपास सारखी, मागचे चाक चेनने फिरते, आणि बसणाराचे पाय जमिनीला सहज टेकतात. आज आपल्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल तिचीच पणती होय. या एका बदलाने सायकल खेळातून संसारात आली. बसणारा दोन चाकांच्या मध्ये आला आणि त्याच्यापुढे दांडीवर व त्याच्यामागे चाकावर अशा दोन जागा मोकळ्या झाल्या. त्या दोन जागांचा इतिहास म्हणजेच आपला आजचा विषय.

येथे एक गोष्ट आयांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या काळी सायकलीला भरीव रबराची धाव असे. दगडी रस्त्यावरून जाताना हाडे खिळखिळी होत. आयर्लंडमधील बेलफास्ट शहरी जॉन बॉइड डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर राहत असत. त्यांच्या मुलाची तीनचाकी सायकल रस्त्यावर फार दणके देई. पोराचा त्रास पाहून बापाने रबराची नळी करून तीत हवा भरली आणि ती चाकांवर बसविली. १८८८ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. हवेच्या टायरची कल्पना त्याआधी सुमारे चाळीस वर्षे दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाला सुचली होती, पण ती मागे पडली होती. जगात टायर रूढ झाला तो डनलॉपपासून. पुढे मोटारी आल्या, ट्रक आले, विमाने आली, आणि सारी हवेच्या टायरवर धावू लागली. त्याचा उगम मात्र एका लहान मुलाच्या तीनचाकीपाशी आहे. लेकराच्या सोयीसाठी केलेली वस्तू साऱ्या जगाच्या सोयीची होते, याला याहून चांगला दाखला मी आपल्या विद्यार्थ्यांना कधी देऊ शकले नाही.

आता लेडीज सायकलीकडे येऊ. रोव्हर आल्यावर चारपाच वर्षांतच इंग्लंडात स्त्रियांसाठी निराळी सायकल निघाली. तेथील बायका तेव्हा पायघोळ झगे घालीत. वरच्या दांडीवरून पाय टाकणे त्या झग्यांत अशक्य, आणि त्या काळच्या शिष्टाचारातही न बसणारे. म्हणून कारागिरांनी वरची दांडी खाली वाकविली, चेनवर झाकण घातले आणि मागच्या चाकावर जाळी ताणली, म्हणजे वस्त्र तारांत अडकू नये. हे उपाय चांगले होते यात शंका नाही. त्या सायकलीने स्त्रियांना घराबाहेर काढले. अमेरिकेतील मताधिकाराच्या चळवळीच्या पुढारी सुझन अँथनी यांनी १८९६ साली सांगितले की, स्त्रियांना मोकळे करण्याचे काम जगातल्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूपेक्षा सायकलीने अधिक केले आहे.

परंतु बारकाईने पाहा. ती सायकल घडविताना कारागिराच्या डोळ्यांपुढे बाईचे वस्त्र होते. तिचे काम नव्हते. दांडी वाकविल्याने सांगाड्याचा त्रिकोण मोडला. लोखंडी नळ्यांचा त्रिकोण हा छपराच्या कैचीसारखा असतो. तो वाकत नाही, म्हणूनच ओझे पेलतो. तो मोडला की मागे जड वस्तू ठेवताच सायकल अंग मोडल्यासारखी डुलते. शिवाय दांडी गेली म्हणजे पुढची जागाही गेली. आई एकटी फिरायला निघाली तर ती सायकल उत्तम. लेकरू आणि दळण घेऊन निघाली तर ते ठेवायचे कोठे, हा विचार फारसा कोणी केलाच नाही.

पुरुषांच्या कामाचा विचार मात्र झाला होता. आपल्या देशात सायकल आली ती इंग्लंडातून, बोटीने. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची हर्क्युलिस आणि मूळ बंदुका बनविणाऱ्या कारखान्याची बीएसए ही नावे आपल्या वडिलधाऱ्यांच्या तोंडी घरच्या माणसांसारखी असत. प्रथम ती साहेबांची, वकिलांची आणि शाळातपासनिसांची चैन होती. मग हळूहळू ती पोटापाण्याचे साधन झाली. दूधवाल्याने कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकविले. पोस्टमनने थैली लावली. मुंबईत १८९० च्या सुमारास महादेव हावाजी बच्चे यांनी घरचे जेवण कचेरीत पोहोचविण्याचा जो धंदा सुरू केला, त्या डबेवाल्यांनी पुढे स्टेशनापासून कचेरीपर्यंतचा रस्ता सायकलीवर काटला. कॅरिअरला डबे, हँडललाही डबे. नागपुरात सायकल-रिक्षा आली आणि शाळेच्या पोरांचे थवे तीत बसून जाऊ लागले.

स्वातंत्र्यापूर्वीच मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला होता. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, त्याच सुमारास आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनपतला ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो असे एकामागून एक कारखाने उभे राहिले, आणि सायकल गरिबाच्या आवाक्यात आली. काळी, वीस-बावीस किलोंची, अठ्ठावीस इंची चाकांची ती सायकल. ओझ्यासाठी तिला वरती एकाऐवजी दोन दांड्या घातलेली 'डबल बार' निघाली. आपल्या झाडीपट्टीत बंडी आणि रेंगी होतीच. परंतु ज्याच्या घरी बैल नाहीत त्याचा धानाचा कट्टा याच सायकलीवर गिरणीला गेला. वर बसता आले नाही तर हाताने ढकलीत नेला. अशी ढकललेली सायकल किती ओझे नेते हे जगाने १९५४ साली पाहिले. व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत डोंगरवाटांनी हजारो सायकली ढकलीत रसद पोहोचविली गेली आणि एकेका सायकलीवर दोनशे किलोंहून अधिक माल लादलेला असे. झारखंडातील कोळसा वाहणारे मजूरही अशाच सायकली ढकलीत मैलोन् मैल चालत आले आहेत.

सांगायचा मुद्दा असा की दूधवाला, पोस्टमन, डबेवाला, कोळसेवाला यांच्या वाहण्याला 'धंदा' असे नाव होते, म्हणून त्यांची सायकल त्यांच्या ओझ्याप्रमाणे घडत गेली. बाई मूल वाहते, पाणी वाहते, दळण, सरपण, रोवण्याच्या वेळी बांधीवर जेवण वाहते. या वाहण्याला कोणी धंदा म्हटले नाही. म्हणून तिच्या वाट्याची सायकल तिच्या लुगड्याप्रमाणे घडली, तिच्या ओझ्याप्रमाणे नाही.

आणि लुगड्याचे म्हणाल तर तीही एक गंमतच आहे. आपल्या आज्या कासोटा घालून नऊवारी नेसत. त्या नेसण्यात पाय मोकळे असतात. धानाच्या चिखलात वाकून दिवसभर रोवणा करता येतो, बंडीवर चढता येते. तशा बाईला सायकलीच्या दांडीची अडचण खरे तर पडली नसती. पण तिला सायकल दिली कोणी? शिकलेल्या मुलींच्या हाती सायकल आली तोवर गोल पातळ रूढ झाले होते, आणि गोल पातळाला दांडी चालत नाही. म्हणजे ज्यांना दांडीची सायकल चालविता आली असती त्यांना ती मिळाली नाही, आणि ज्यांना मिळाली त्यांना ती चालविता येईना. पुण्यात मात्र, सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती तेथे, विद्यार्थिनी, शिक्षिका, परिचारिका लेडीज सायकलीवरून राजरोस जात. तेव्हाच्या शहरांत सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि डबल सीट दिसली की पोलीस शिट्टी फुंकी. मुलाला शाळेत सोडणाऱ्या आईलाही ती शिट्टी चुकत नसे.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. लिहावी की नाही असा विचार पडला होता. पण एखादीचे तरी लेकरू वाचेल म्हणून लिहिते. लग्नानंतर काही वर्षे आम्ही नागपुरास भाड्याने राहत होतो. माझ्याजवळ लेडीज सायकल होती. धाकटी लेक चार वर्षांची. तिला मागे कॅरिअरवर बसवून मी शाळेत निघाले. "मला घट्ट धर" एवढे सांगितले, आणि तिने धरलेही. पण पाय ठेवायला पायरी नव्हती. ते लोंबकळत राहिले. वळणावर तिचा उजवा पाय चाकाच्या तारांत गेला. टाचेची कातडी सोलून निघाली. तिची ती किंकाळी आजही कानांत आहे. डॉक्टरांनी शांतपणे टाके घातले. अशी पोरे त्यांच्याकडे नेहमीच येत. घरी आल्यावर मी सायकलीकडे पाहत बसले. मागच्या चाकाला जाळी होती, पण ती डाव्या बाजूला, जिकडे पदर पडतो तिकडे. उजवी बाजू उघडी होती. माझे पातळ अडकू नये याची तजवीज कारखान्यात झाली होती. माझ्या लेकीच्या पायाची कोणीच केली नव्हती. मीही नाही. वर लेडीज सायकलीविषयी जे लिहिले ते मी पुस्तकात वाचण्याआधी त्या दिवशी शिकले.

ही गोष्ट बायकांनी कशी उलटविली ते तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात पाहावे. जिल्हा गरीब, दगडांच्या खाणींचा. १९९१ साली तेथे 'अरिवोळी इयक्कम' ही साक्षरतेची चळवळ सुरू झाली. जिल्ह्याच्या कलेक्टर शीला राणी चुंकत या बाई होत्या. बायकांना वर्गाला यायचे तर चालत यावे लागे, म्हणून त्यांनी अक्षरांबरोबर सायकलही शिकविण्याचे ठरविले. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या, परिचारिका अशा हजारो बायका रविवारच्या शिबिरांत सायकल शिकल्या. १९९२ च्या महिलादिनी दीड हजाराहून अधिक बायकांनी सायकलींवरून मिरवणूक काढली. लोकांनी नावे ठेवली नाहीत असे नाही. पण बायका शिकतच राहिल्या.

पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सारे प्रत्यक्ष पाहून लिहिले आहे. त्यांतील एक बारीक गोष्ट आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देते. दुकानांत लेडीज सायकली पुरेनाशा झाल्या तेव्हा बायकांनी जेन्ट्स घेतल्या. आणि पुढे कित्येकींनी जेन्ट्सच हव्या म्हणून सांगितले. कारण काय? तिला दांडी असते आणि दांडीवर लेकरू बसते. बस! शंभर वर्षे जी दांडी बाईच्या वाटेतली धोंड मानली गेली, ती त्या मजूर बायकांनी मुलाचे आसन करून टाकली. पुढे लेकरू, मागे पाण्याचा हंडा किंवा मालाची टोपली. त्यांनी वस्तूचे नाव पाहिले नाही, जागा पाहिली.

उत्तरार्ध युरोपातून घेऊ. डेन्मार्कमध्ये १९२० नंतर एक लांब सायकल निघाली होती. हँडल आणि पुढचे चाक यांच्यामध्ये जमिनीलगत फळी, आणि तिच्यावर माल. नेदरलँड्समध्ये पाववाले पुढे पेटी असलेल्या तीनचाकी चालवीत. म्हणजे तेथेही आधी धंदाच. मग १९८४ साली कोपनहेगनमधील क्रिस्तियानिया वस्तीतील लार्स एंगस्ट्रॉम या लोहाराने आपल्या सहचरीला वाढदिवसाची भेट म्हणून पुढे पेटी असलेली तीनचाकी सायकल करून दिली. शेजारणींनी पाहिली आणि त्यांनाही तशीच हवी झाली. आज त्या शहरात आया आणि बापही मुलांना पुढच्या पेटीत बसवून शाळेत नेतात. मूल डोळ्यांसमोर, ओझे खाली, आणि चढायला दांडीची अडचण नाही. हल्ली मागचा भाग लांबविलेल्या सायकलीही आल्या आहेत. त्यांना मधली दांडी खालीच असते, पण नळ्या इतक्या जाड असतात की त्रिकोण मोडला तरी अंग डुलत नाही.

तेथील आयांनी आणखी एक गोष्ट ओळखली. नुसती सायकल चांगली असून भागत नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. तेव्हा 'बालहत्या थांबवा' अशी आरोळी देत आईबाप रस्त्यांत बसले. आज त्या देशातील सायकलींच्या वेगळ्या वाटा सारे जग नावाजते. त्यांच्या पायाशी ती आरोळी आहे. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत शंभरांतील सुमारे ४५ घरांत सायकल होती. इतक्या घरांची वाट कोणती, हे विचारण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

तर आता नागपूरच्या लेकीला काय सांगायचे?

बाळे, लेडीज की जेन्ट्स हा प्रश्नच सोडून दे. आधी हे ठरव की लेकरू कोठे बसणार. मूल पुढे बसणार असेल तर दांडी हवी. मूल मागे बसणार असेल तर दांडी नको. याचे कारण सोपे आहे. मूल दांडीवरच्या लहान सीटवर, तुझ्या दोन हातांच्या कुशीत असले तर तू मागून टांग टाकून चढू शकतेस. तेच मूल मागच्या खुर्चीत असले तर मागून टांग टाकायला वाटच उरत नाही. मग मध्ये मोकळी जागा असलेली सायकलच बरी. सलवार-कमीज घालीत असशील तर दोन्ही शक्य. पातळ नेसून जाणार असशील तर दुसरीच. मूल स्वतः नीट बसू लागल्याशिवाय आणि त्याची मान भक्कम झाल्याशिवाय त्याला सायकलीवर घेऊ नकोस. तुझे मूल तीन वर्षांचे आहे, आणखी दोन वर्षांत दांडीवर मावणार नाही. तेव्हा आजचाच नव्हे, परवाचाही विचार कर. माझ्या मते तुला खाली दांडीची, पण जाड नळीची आणि दणकट कॅरिअरची सायकल घ्यावी, आणि मागे पाठ, पट्टा व पायऱ्या असलेली खुर्ची नटबोल्टने आवळून बसवून घ्यावी. चाकाला जाळी दोन्ही बाजूंनी. हे मी दोनदा लिहिले असते, पण स्मरणिकेत जागा कमी आहे.

ओझे हँडलला टांगू नकोस. पिशवी चाकात जाते आणि हँडल ओढते. भाजी पुढच्या टोपलीत थोडी, बाकीची आणि दळण मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, खाली आणि सारख्या वजनाने. दूधवाल्याचे कॅन पाहा. तो शहाणा आहे. मूल आणि दळण एकाच खेपेत आणूच नये. दोन खेपा बऱ्या. स्टँड दोन पायांचा घे, एका पायाचा नको. आणि स्टँडवर लावलेल्या सायकलीवर मूल सोडून गिरणीत कधी शिरू नकोस. ब्रेक पावसात ओल्या रिमवर घसरतात, म्हणून घेताना पाणी टाकून पाहा. उड्डाणपुलाचा चढ वाटेत असेल तर मागचे फ्रीव्हील जास्त दात्यांचे बसवून माग. वेग थोडा कमी होईल, पण गुडघे दुवा देतील. हल्ली दुकानात ज्या झगमगीत गिअरच्या सायकली असतात त्यांपैकी पुष्कळींना मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. त्या एकट्याने हिंडण्यासाठी आहेत.

आणि शेवटचे. दुकानात जाताना घरून मुलाच्या वजनाइतकी तांदळाची थैली घेऊन जा. ती मुलाच्या जागी बांध आणि गल्लीतून दोन फेऱ्या मार. थांबून पाहा, वळून पाहा, पाय टेकवून पाहा. दुकानदार हसेल तर हसू दे. जावईबापूंना बरोबर ने, पण सायकल तू चालवून पाहा. ज्याने वाहायचे त्यानेच निवडायचे, एवढाच या साऱ्या इतिहासाचा अर्थ आहे.

ज्या कारखान्यांनी आपल्या देशाला सायकलीवर बसविले त्यांतील कित्येक आज उरले नाहीत. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले डबघाईला येऊन १९८० साली सरकारने ताब्यात घेतले आणि पुढे तेही बंद पडले. ॲटलसचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. तो दिवस संयुक्त राष्ट्रांनी नेमलेला जागतिक सायकल दिन होता, हा योगायोग मनाला लागतो. कारखाने येतात आणि जातात. लेकरू मात्र रोज सकाळी शाळेत पोहोचावेच लागते, आणि दळण आठवड्याला संपतेच.

माझी ती धाकटी लेक आज स्वतः आई आहे. तिच्या टाचेवर पांढरा वण अजून आहे. तिने मुलासाठी खुर्ची घेतली तेव्हा दुकानदाराने विचारले, "ताई, रंग कोणता?" ती म्हणाली, "रंग कोणताही चालेल, आधी पायऱ्या दाखवा." हे तिने मला सांगितले तेव्हा, आपण इतक्या मुलांना इतिहास शिकविला, पण निदान एकीला तरी तो नीट समजला, असे मला वाटले.

आपल्या मंडळात सायकल न येणाऱ्या भगिनी अजून पुष्कळ आहेत. मीही आता शिकविण्यापुरती पाठीमागून धरू शकते. या वर्षी शाळेच्या पटांगणावर रविवारी तासभर जमावे आणि एकमेकींना शिकवावे, अशी सूचना मांडून हा लेख पुरा करते.